वारा वाढला तर

पाचूबंदरला मी जिच्याकडून मासळी घेतो, तिची मुलगी पायलट व्हायला निघाली आहे. बारावी झाली, मेडिकल तपासणीही पास झाली. आता कुठे शिकायचं तेवढं ठरायचंय. आईशेजारी बसून ती एकेका फ्लाइंग स्कूलला फोन लावते. बाजारात गलका फार, म्हणून फोन स्पीकरवर. कोळंबी सोलून झाली तरी मी उगाच रेंगाळतो.

समोरच्याचं सगळं ती ‘बरं, बरं’ करत ऐकते आणि शेवटी एकच विचारते, "वारा वाढला तर काय करता?"

काल एकजण म्हणाला, "मॅडम, आमची विमानं कधीच थांबत नाहीत. लायसन्स झटपट हातात!"

मला तर हे एकदम पसंत. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला.

"काय गं, नको?"

"काका, वारा न बघता दर्यात जातो त्या तांडेलाच्या बोटीवर आमच्यात कोन चढत नाय."

पुढचा फोन तिथल्या शिकवणाऱ्या सरांनीच उचलला. तिचा प्रश्न ऐकून ते वैतागले. "वारा वाढला तर काय करणार? घरी जातो!"

या वेळी ती ‘बरं’ म्हणालीच नाही.

"सर, कधी येऊ?"