जिन्यातला कागद आणि मानेकाकूंची माळ

बुधवार होता. कळंबोलीच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी तिसऱ्यांदा तोच कागद चिकटवत होते… घरोघरी मोबाइल येण्याच्या बऱ्याच आधीची, नव्वदच्या दशकातली गोष्ट.

आधीचे दोन कागद सेक्रेटरींनी काढून टाकले होते. जिन्यात फक्त सोसायटीच्या सूचना लागतील, असं त्यांचं म्हणणं. पाण्याची वेळ, टाकीची सफाई वगैरे. माझ्या कागदावर लिहिलेलं होतं: ‘केतकीला फिट आली तर चप्पल हुंगवू नये. कांदा हुंगवू नये. हातात किल्ल्या देऊ नयेत. तोंडात पाणी घालू नये. कुशीवर झोपवावे. घड्याळ बघावे.’

केतकी माझी मुलगी. तेव्हा चार वर्षांची होती. बोलत नव्हती, आधाराशिवाय उभी राहत नव्हती आणि महिन्यातून तीन-चार वेळा तिला फिट यायची.

फिटपेक्षा मला माणसांचा वैताग जास्त होता, हे आज स्पष्टच लिहिते. जो येईल तो सल्ला देऊन जायचा. नणंदेने ताईत पाठवला. समोरच्या बाईंनी तर माझं ग्रॅज्युएशन काढलं… शिकलेल्या बायका देवाधर्माचं करत नाहीत, म्हणून असं होतं म्हणे.

आणि शेजारच्या मानेकाकू. साताऱ्याकडच्या. नवरा स्टील मार्केटमध्ये हमाल. एकदा माझ्या देखत त्यांनी फिटमध्येच केतकीच्या तोंडात पाणी ओतलं होतं आणि पोरीला ठसका लागून ती निळी पडली होती. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले, ते अख्ख्या मजल्याने ऐकलं.

तरीही केतकीला ठेवायला दार उघडं होतं ते त्यांचंच. बाकीच्यांनी एकदा फिट पाहिली आणि नंतर त्यांना दर वेळी नेमकं कुठेतरी जायचं असायचं…

त्या बुधवारी औषधाची बाटली संपत आली होती आणि आमच्याकडच्या केमिस्टकडे ती मिळेना. मिस्टर तळोज्याला फर्स्ट शिफ्टला. मला पनवेलला जाणं भाग होतं. मी केतकीला मानेकाकूंकडे सोडलं, जिन्यातला कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्याकडून वदवूनही घेतला. शेवटची ओळ दोनदा. घड्याळ बघायचं. कळलं ना? त्यांनी मान हलवली.

घड्याळाचा एवढा आग्रह का, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. फिट किती वेळ टिकते, हा त्यांचा पहिला प्रश्न. लांबत असेल तर डोस वाढवू, असं ते मागच्याच खेपेला म्हणाले होते. आधी एकदा डोस वाढवला होता, तेव्हा पोर तीन महिने मान टाकून झोपून होती. शिकलेलं सगळं विसरली… आणि आता कुठे टीपॉय धरून उभी राहायला लागली होती.

बाटली घेऊन, टमटममधून तासाभराने परत आले तर मानेकाकूंचं दार सताड उघडं. केतकी चटईवर कुशीवर, गाढ झोपलेली. फिट येऊन गेली होती.

काकू तिच्या पाठीवर एक हात ठेवून बसलेल्या. दुसऱ्या हातात जपमाळ. चटईच्या कडेला एक चप्पल.

चप्पल बघून माझं डोकं फिरलं. त्यांनी घाईघाईने सांगितलं, की आणली होती, पण हुंगवली नाही. नुसती जवळ ठेवली, धीर यावा म्हणून.

मी विचारलं, किती वेळ होती फिट? समोर भिंतीवर घड्याळ टिकटिकतंय आणि ह्या माळेकडे बघतायत. मी आवाज चढवला.

“मला घड्याळ कळत न्हाई, वैनी,” त्या म्हणाल्या. “तुमी रागावला असता म्हून बोलले न्हाई.”

मग माळेचा हात पुढे केला. “आकडी आली तवा मेरुमण्यापासनं जप धरला. हितं थांबली. मी बोट काढलंच न्हाई.”

एक मणी त्यांनी चिमटीत घट्ट धरला होता. मघापासून तसाच. घशाला कोरड पडली होती, पण पाण्याला उठल्या नव्हत्या… मणी सुटेल म्हणून.

मी खाली बसले. त्यांच्या चिमटीपर्यंतचे मणी मोजले. अठ्ठावन्न. मग मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि त्यांना म्हटलं, आता तसाच जप करा, तेवढ्याच वेगाने. त्या म्हणाल्या, तेव्हा घाबरले होते, जरा भरभर झाला असंल. मग म्हटलं, घाबरल्यासारखा करा.

दोन मिनिटं चाळीस सेकंद.

आयुष्यात कधी माळ हातात न धरलेली मी, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी आकडा लिहून घेतला, त्याआधीच्या माझ्या नोंदींशी ताडून पाहिला आणि म्हणाले, वाढत नाहीये. डोस आहे तोच ठेवू.

अक्षरओळख नसलेल्या बाईला मी कागद वाचून दाखवला, घड्याळाची ओळ तर दोनदा, पण घड्याळ कळतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांना धारेवर धरत आले, पण ही चूक माझी होती.

काकूंना मी थँक यू म्हटलं नाही. तेव्हा जमायचं नाही मला, आजही फारसं जमत नाही. घरी आल्यावर पेन घेऊन जिन्यात गेले आणि कागदावरची शेवटची ओळ दुरुस्त केली.

‘घड्याळ बघावे किंवा माळ धरावी.’

आश्चर्य म्हणजे तो कागद सेक्रेटरींनी काढला नाही…