तारेला मारलेली गाठ

थंडीनं सकाळी उशिरापर्यंत अंगणातून पाय काढला नव्हता. कुसुमावती पोळ्या शेकत होती आणि तिचे यजमान, नत्थूजी, डब्यांत वरण ओतत होते. हे डबे सदर भागातल्या एका ऑफिसात जातात. नत्थूजी ते आपल्या जुन्या मोपेडवर नेतात. पारशिवनीच्या दूधवाल्याकडून घेतल्यापासून ही गाडी चालते कमी, उघडी जास्त पडलेली असते. धड चालणारा कार्बोरेटरही त्यांनी एकदा खोलला होता, आत काय असतं ते पाहायला.

काल कुसुमावतीनं बजावलं होतं, "आता एक खेप चुकली ना, तं गाडी भंगारात. मी सवता ढकलत नेईन."

आणि आज एक्सिलेटरची तार तुटली, अगदी कार्बोरेटरजवळ. दुकानं उघडायला वेळ होता.

नत्थूजींनी तुटलेलं टोक उजेडात धरलं. आयुष्य हातमागावर गेलेलं. माग विकला, पण बोटं तीच. टोक उलटं पिळताच बारीक बारीक तारा सुट्या झाल्या.

"हे तं सूतच हाय वं."

"लोखंड हाय ते जी."

"लोखंडालेबी पीळ हाय ना."

विणकर तुटला धागा फेकत नाही, सांधतो. चिमटा घेऊन त्यांनी तारेला तार जोडली, एकेक गाठ आवळली, वरून तेल सोडलं. लांबी कमी पडली तेव्हा हँडलजवळचा स्क्रू फिरवून जमवली.

"आधी रिकामी फिरवून आना," कुसुमावती डब्यांवर हात ठेवून म्हणाली.

त्यांनी हँडल पिळलं, गाडी निघाली. हँडल सोडलं, तरी गाडी निघालीच. ब्रेक दाबला तर इंजिन केकाटायला लागलं. कुसुमावतीला नवरा दारावरून जाताना दिसला, मग गल्लीला वळसा घालून पुन्हा जाताना दिसला. मान एका बाजूला कललेली, कान इंजिनकडे. शेवटी त्यांना चावी बंद करायचं आठवलं. गाडी शेजारच्या गुंजनच्या दारातल्या रेतीच्या ढिगात जाऊन रुतली.

गुंजन ऑटो पुसत होता. "काका, रेस लावून राहिले का? कोनासंगं?"

डबे गुंजनच्या ऑटोतून गेले, कुसुमावती सोबत गेली. परतली तेव्हा नत्थूजी तारेवरचं कव्हर चिरून बसले होते.

"गाठ सुटली नाही," ते म्हणाले. "मंग अडकली काहून?"

ती टेकली. लग्न झाल्यापासून तिनंही मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिनं गाठ बोटांत फिरवली, मग कव्हरच्या नळीच्या भोकाला लावून पाहिली.

"आत ओढली गेली, मांग येईना. मागावर गाठ फणीत आडली तं धागा तुटे. इथं आडली तं तुमी तुटसान."

नत्थूजींनी चिरलेलं कव्हर खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "खेप चुकली नाही पन."

"गुंजनच्या ऑटोनं गेली ते."

"गेली तं खरी."

तिनं रेतीतल्या गाडीकडं पाहिलं, मग त्यांच्या खरचटलेल्या कोपराकडं.

"राहू द्या गाडी. केबल नवी आनायची, अन् ते मिस्त्रीच बसवन."

"कसा बसवते ते पाहू तं शकतो ना मी?"

"पाहा. हात मांग बांधून."

नत्थूजींनी मान हलवली, मेथीची जुडी पुढं ओढली आणि संध्याकाळच्या भाजीसाठी पानं खुडायला लागले.