दोराच्या वरच्या टोकाला

अंकुश निमजे रोज माणसं आकाशात चढवायचा आणि स्वतः खाली राहायचा.

रामटेकच्या वाटेवर जो मोठा तलाव आहे, तिथे नागपूरकर रविवारी डबे घेऊन जातात आणि होड्या फिरवतात. ज्यांच्या अंगात जास्त रग असते, ते पॅराशूटला लटकून पाण्यावर उडतात. मोटरबोट पुढे पळते आणि तिच्या मागे दोरावर माणूस वर वर जातो. तो दोर सोडायचं आणि गुंडाळायचं यंत्र बोटीतच असतं, त्याला विंच म्हणतात. ती विंच अंकुशच्या हाती होती.

हे काम त्याला मिळालं पतंगामुळे. नागपूरच्या जुनी शुक्रवारी मोहल्ल्यातला तो पोर, संक्रांतीच्या महिनाभर आधीपासून गच्चीवरून खाली उतरायचा नाही. शाळेत काही जमलं नाही, पण हवा कळायची. बोटीचे मालक भैय्याजी शेजारच्याच गल्लीतले. त्यांनी एकदा त्याचे पेच पाहिले आणि विचारलं, "माणसं उडवशील का गा?"

उडवली. चांगली उडवली. पण हंगाम सुरू होण्याआधी बोटीवरच्या माणसांनी एकेकदा वर जाऊन यायची पद्धत होती, ती मात्र त्याने दर वर्षी चुकवली. कधी उपास, कधी गुडघा. काहीच सुचलं नाही की आकाशाकडे बघून म्हणायचा, "आज हवा बरोबर नाही." हवेच्या बाबतीत त्याच्यापुढे कोण बोलणार? त्याच हवेत तासाभराने तो गिऱ्हाइकं चढवायचा, हे कोणाच्या ध्यानात येऊ नये याचंच नवल वाटतं.

भित्रा नव्हता तो. पण कटलेला पतंग कुठे कुठे जाऊन पडतो, ते त्याने जन्मभर पाहिलं होतं.

यंदा विमा कंपनीच्या माणसाने अट घातली. दोराला हात लावणाऱ्याने एकदा तरी त्याच दोरावर वर जाऊन आलं पाहिजे, नाहीतर विमा नाही. भैय्याजींनी त्याला बाजूला घेतलं. "पाह्य अंकुश, चढ नाहीतर विंच सोड. तिकिटाच्या खिडकीवर बसवतो तुले."

खिडकीत बसायचं म्हणजे पाठ पाण्याकडे आणि तोंड पार्किंगकडे. रात्री घरी जेवताजेवता अंकुशला ते आठवलं आणि त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"काहून भेता एवढे?" त्याची बायको सरिता म्हणाली. "लोकाइची लेकरं तर रोज चढवता."

"लोकाइले मी पाहतो. मले कोण पाहीन?"

सरिताने भाजी वाढली. "ते करिष्मा नाही का? दोन वर्षं झाले, तिच्यावरच तर ओरडून राहिले तुम्ही."

करिष्मा नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी. बी.कॉम. झाली, ऑफिसात बसवेना म्हणून इथे आली आणि विंचवर त्याची मदतनीस झाली. सुरुवातीलाच हवेचा झोत आला तेव्हा तिने नागपूरचं कोणतंही पोर करील तेच केलं. दोर सोडला, पतंगाला ढील द्यावी तसा. अंकुशने तिला सगळ्यांदेखत झाडलं होतं. "माणूस आहे तो, पतंग नाही. ढील दिली की दोर सैल पडते, मंग झटका बसते. बोट हळू करायची अन् गुंडाळत यायचं, समजलं?"

"समजलं. पण ओरडू नका काका, सांगत जा," ती म्हणाली होती. त्याने ओरडणं काही सोडलं नाही आणि तिने शिकणं सोडलं नाही.

गिऱ्हाइकं नसतील असा दिवस ठरला. बंटी बोट चालवायला, करिष्मा विंचवर आणि भैय्याजी काठावर खुर्ची टाकून. अंकुशने पट्टे तपासले, मग पुन्हा तपासले.

"काका, आता पट्टेच झिजतील," करिष्मा म्हणाली. त्याने आकाशाकडे पाहून तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "हवा चांगली आहे. पाहिली मी."

हवा खरोखरच चांगली होती. तो बोटीच्या मागच्या फळीवर जाऊन उभा राहिला.

बोट सुटली, कापड फुगलं आणि पायाखालची फळी गेली. त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले, मग स्वतःचाच राग येऊन उघडले. खाली बोट चपलेएवढी झाली होती. शिंगाड्याच्या वेलींचे हिरवे तुकडे पाण्यावर पसरले होते, पलीकडे रामटेकचा गड, आणि आवाज म्हणावा तर फक्त वाऱ्याचा. लोक यासाठी येतात तर! इतकी वर्षं तो माणसांना हे देत होता आणि काय देतो आहे ते त्यालाच माहीत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

आणि टेकड्यांमधून झोत आला. पॅराशूट कललं, दोर ताणून गुणगुणू लागला. हा ताण त्याच्या बोटांच्या ओळखीचा होता, पण आज दोराच्या टोकाला तो स्वतः होता. हात हलवून अंकुश जीव खाऊन ओरडला, "ढील दे! करिष्मा, ढील दे वं!"

करिष्माने वर पाहिलं. ढील दिली नाही. बंटीला खूण केली, बोट मंदावली आणि दोर एका चालीने गुंडाळला जाऊ लागला. झटका नाही, हिसका नाही. अंकुशचे पाय फळीवर टेकले तेव्हा त्याचा हात अजून तसाच वर होता.

"काका, ढील मांगून राहिले होते का?" बंटी हसू दाबत म्हणाला.

नाही म्हणता आलं असतं. वाऱ्यात कोणी काय ऐकलं असेल, देव जाणे. "मांगत होतो," अंकुश म्हणाला आणि करिष्माकडे वळला. "काहून नाही दिली?"

"तुम्हीच तर सांगतलं होतं. अन् वर लटकलेल्याचं ऐकायचं असते का? घाबरलेला माणूस काहीही मांगते."

तो पट्टे सोडता सोडता म्हणाला, "लई उपकार झाले, पोरी." ती उगाच दोर पुसत राहिली.

काठावर भैय्याजींनी विचारलं, "मंग, विंच तुझीच ना?"

"एक दिवस माझी, एक दिवस तिची," अंकुश म्हणाला. "तिच्या दिवशी गिऱ्हाइकं चढायच्या आधी मी चढून येईन."

आता एखादं गिऱ्हाईक पट्टे बांधून घेताना थरथरायला लागलं, की अंकुश त्याला आपली फजिती मीठमसाला न लावता सांगतो आणि विंचकडे बोट दाखवून म्हणतो, "हिच्या हातानं मी खाली आलो." करिष्माला ते मुळीच पसंत नाही. अशानं आलेलं गिऱ्हाईक पळून जाईल, असं तिचं म्हणणं आहे. अजून तरी कोणी पळालेलं नाही.