गच्चीवरचा समुद्र

लातुरात स्वतःच्या मालकीचा समुद्र असलेला एकच माणूस, आणि तो म्हणजे आमचा घरमालक. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी गच्चीवर टाकीभर पाण्यात बाजारातलं मीठ कालवलं आणि शेजारी पंप लावून खारं पाणी गोड करायचं यंत्र बसवलं. अशा यंत्रात एक बारीक पडदा असतो. त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो आणि पडदा तुंबतो. क्लोरीन टाकावं तर पडदाच खराब होतो. तो थर बसूच द्यायचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट. "सर, समुद्र कुठं, आपण कुठं!" असं कुणी म्हणालं की ते उसळायचे. "ज्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, त्यानं समुद्राकडं बघायचं न्हाई तर कुणी बघायचं?"

पहिल्या खेपेला पडदा महिनोन्‌महिने चकचकीत राहिला. सरांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या दारात उभे असतानाच त्यांचा चेहरा पडला. दुष्काळातल्या टँकरपासून त्यांच्या घरचा कायदाच होता, उकळल्याशिवाय पाणी भरायचं नाही. समुद्रही त्यांनी उकळूनच भरला होता! त्यात औषधालाही जंतू नव्हता. "मढ्यासंगं कुस्ती खेळत व्हतो मी," ते म्हणाले आणि उरलेला पेढा मलाच देऊन वर गेले.

मग ते कोकणात जाऊन जिवंत समुद्र घेऊन आले, कॅनमध्ये, एस.टी.नं. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, काय हाय ह्याच्यात?" सर म्हणाले, "समुद्र." त्यानं निमूटपणे लगेजचं तिकीट फाडलं. आता त्यांनी दोन पडदे लावले, एकाला थेट पाणी आणि दुसऱ्याच्या आधी वाळूचा पिंप. जंतूंनी वाळूतच वस्ती करून पाण्यातलं खाणं तिथंच संपवावं, अशी योजना. "वऱ्हाडाला दारातच जेवू घालायचं. मांडवात गर्दी व्हत न्हाई."

तेवढ्यात त्यांच्या मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तिथल्या फ्लॅटला गच्ची नव्हती. निघायच्या सकाळी सरांनी मला गच्चीवर बोलावून दोन्ही पडदे उघडले. थेट पाणी घेतलेला पडदा चिरलेल्या भेंडीसारखा बुळबुळीत झाला होता. वाळूतून पाणी घेतलेल्याला बोटाला जेमतेम जाणवेल एवढाच थर होता. मुलगा खालून हाका मारत होता. सर ते बोट उन्हात धरून बघत राहिले.

"कमी हाय. पण हाय," ते म्हणाले. "मी हरलो न्हाई. पंप बंद करू नको."

अजून त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊस, काही विचारत नाहीत. "वऱ्हाड जेवलं का?" एवढंच विचारतात. मी "जेवलं" म्हणतो. मला त्यांची फार आठवण येते. मध्यंतरी टाकी आटली आणि तळाला नुसतं मीठ उरलं, तेव्हा मी रजा काढून कोकणात गेलो. परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं माझ्या पायाशी असलेल्या कॅनकडं बोट दाखवलं.

"समुद्र," मी म्हणालो.