पाकिटातला खरवस

आमची आई टायफॉईडमधून उठली, पण अन्नाला शिवेना. दौंडच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "पोटात काही गेलं नाही तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल." बायको बाळंतपणाला माहेरी, त्यामुळे स्वयंपाकघरात मीच राजा. आणि मी पडलो कुरकुंभच्या एमआयडीसीत पॅकिंगला. पाकिटावर जे छापलंय ते खरं, असा माझा भाबडा विश्वास. ताकदीची चॉकलेटी पावडर आणली, पाकिटातलं सूप आणलं. आईनं सूपचा एक घोट घेतला आणि विचारलं, "भांडी विसळल्यालं पानी हाय व्हय रं ह्ये?"

मग एका दुपारी आपणहून बोलली, "चिकाचा खरवस खावासा वाटतोय." आता व्यालेल्या म्हशीचा चीक कुठून आणायचा? पण मी कसला गप्प बसतोय! पाटसला हायवेवरच्या चकाचक दुकानातून इन्स्टंट खरवसाचं पाकीट आणलं. त्यावर केशराचं चित्र, वेलचीचं चित्र, म्हशीचं मात्र कुठंच नाही. दुधात पावडर ढवळली, फ्रीजमध्ये ठेवली, वड्या पाडल्या. आईनं एक तोंडात घातली आणि लगेच बाहेर काढली.

"मुडद्या, रबर हाय ह्ये," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या होत्या. मी जाम घाबरलो.

भिंतीपलीकडं माझी काकी राहते, आणि तिची म्हैस व्यायला टेकली होती. पण पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून तिचं आणि आमचं कडाक्याचं वाजलेलं. एकमेकांच्या मयताला जाऊ, पण चहाला नाही, इथवर गोष्ट गेलेली. त्यात चीक विकत घेत नाहीत आणि मागतही नाहीत. ज्याची म्हैस व्याली त्यानं तो आपणहून घरोघर द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. मागायला माझी जीभ रेटेना.

म्हैस व्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारातल्या ओट्यावर झाकण घातलेला तांब्या होता, आत पिवळाधमक चीक. ठेवणारी दिसली नाही. मला कोण आनंद! तांब्या पातेल्यात उपडा केला आणि पाकिटाच्या सवयीनं गॅस मोठा करून दिला उकळायला ठेवून. बघता बघता त्याचे गोळे झाले आणि वर पाणी तरंगायला लागलं. चीक वाफेवर शिजवतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता आलं का मागणं! नाक मुठीत धरून काकीच्या दारात गेलो.

"काकी, चीक फाटला."

"फाटला? केलंस काय?"

"उकळला."

काकीनं कपाळावर हात मारला. "आरं गाढवा, त्यो काय च्या हाय उकळायला?"

तिनं दुसऱ्या धारेचा चीक घेतला, गुळाचा खडा घेतला आणि मला ढकलत आमच्या स्वयंपाकघरात शिरली. भांडणानंतर पहिल्यांदाच. चिकात गूळ विरघळवला, पातेल्यात पाणी ठेवून त्यावर डबा चढवला. घरभर वास सुटला. वाडगा भरून तिनं आईच्या हातात दिला, मला हातसुद्धा लावू दिला नाही.

आईनं एक घास खाल्ला. मग दुसरा. माझा जीव टांगणीला.

"गूळ कमी पडलाय," आई म्हणाली. "तुझा हात पहिल्यापास्नं आखडताच."

काकीनं कमरेवर हात ठेवले. "व्हय, आन् आमचं पानी वळवताना तुमचा हात लांब हुता!"

"कुनी वळवलं गं पानी?" म्हणत आई ताडकन उठून बसली. इतके दिवस तिला उशीवरून मान उचलवत नव्हती. मी परसात जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण मला रडू आवरेना. आत दोघींचे आवाज चढतच होते. परत आलो तर आई रिकामा वाडगा काकीच्या तोंडासमोर धरून ओरडत होती, "घाल आनखी! आन् पाळी आमचीच हुती!"