अस्वलाचं रडगाणं

आमचा डबिंगचा स्टुडिओ पडेगावला आहे, दौलताबाद रोडच्या जरा आत. आत बोललेलं एक अक्षर बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना फोम ठोकलेला. त्यामुळं होतं काय, किस्से पण बाहेर जात नाहीत, आतच साठतात! मी तिथं कार्टून सिनेमांचे संवाद आणि गाणी मराठीत लिहिते. आता त्या अस्वलाच्या गाण्याचंच घ्या. तीन मिनिटांचं गाणं, पण त्यानं महिनाभर आमचा जीव खाल्ला.

*

सिनेमात एका अस्वलाची जोडीदारीण वारते. अस्वल गुहेत जाऊन बसतं. खात नाही, पीत नाही, उठत नाही, आणि तिथं बसून हे गाणं म्हणतं. मुंबईहून क्लायंटची सूचना आली : गाणं दुःखी हवं, पण फार दुःखी नको. मुलांनी रडू नये, आयांनी थोडं रडावं.

स्टुडिओचे मालक नदीमभाई. त्यांनी सूचना दोनदा वाचली आणि मोबाईल माझ्यापुढं सरकवला. "म्याडम, रोना कित्ता होना? पाव किलो के आधा? वो पूछ लेव पहले."

*

गायला प्रज्ञा होती. पोरगी पिशोरची, भीमजयंतीच्या स्टेजवर गाऊन तयार झालेली. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला कळू नये! तिनं पहिली ओळ म्हटली आणि आमचं दुःखी अस्वल मोर्चाला निघालं.

मी म्हटलं, अगं हळू, त्याला दुःख झालंय. तर म्हणती कशी, "ताई, दुःखच सांगायचंय ना? मग लोकांला ऐकू नको का जायला?"

आमचे रेकॉर्डिस्ट साळुंके काका काचेपलीकडून उठून आले. काही न बोलता माईकचा स्टँड दोन फूट मागं सरकवला. दुसऱ्या टेकला आणखी दोन फूट. तिसऱ्या टेकला माईक भिंतीला टेकला, तेव्हा त्यांनी प्रज्ञाला हाताला धरून दारात नेऊन उभं केलं. तिथून ते गाणं रेकॉर्ड झालं.

*

काका काही बोलले नाहीत, ह्याचं हसू येईल तुम्हाला. आम्हाला येत नव्हतं. हा माणूस आधी लई बोलका. टेकच्या मधल्या वेळात नकला करून गायकांना हसवून हसवून टेक बिघडवायचा. चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या. तेराव्यानंतर काका कामावर आले ते मुकेच. अंगठा वर म्हणजे टेक ओके, बोट गोल फिरवलं म्हणजे परत. बास. डबा पण गाडीत बसून एकटेच खायचे. आम्हाला आमचे काका परत पाहिजे होते, आणि कसे आणावेत ते कुणालाच कळत नव्हतं.

मी आपली शहाणी! एका सकाळी त्यांना बागेतल्या हास्यक्लबात घेऊन गेले. पंचवीस-तीस माणसं हात वर करून हा हा हा करू लागली. काका दहा मिनिटं शांतपणे बघत उभे राहिले. मग त्या आठवड्यातलं एकमेव वाक्य बोलले.

"ओठ आणि आवाज सिंकमध्ये नाहीत ह्यांचे."

आणि गाडीत जाऊन बसले.

*

एकदा प्रज्ञाची आई गावाकडून आली. आम्हा सगळ्यांसाठी पिशवीभर अद्रक घेऊन. हौसेनं त्यांना गाणं ऐकवलं, पडद्यावर अस्वल पण दाखवलं. मावशींनी पदर सावरून सगळं बघितलं. मग विचारलं, हे किती दिवस झालं असं बसून आहे? मी म्हटलं, अख्खा हिवाळा.

"जेवत बी नाय?"

"नाही."

"अन् आंघोळ?"

"नाही."

"मग डाक्टरला दाखवा की त्याला! गाणं काय म्हणू लागले?"

नदीमभाईंनी हे जसंच्या तसं क्लायंटला कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं : दुसऱ्या भागात दाखवणार आहेत.

*

सगळं गाणं झालं, शेवटची ओळ अडली. मूळ ओळीचा अर्थ साधा, तुझी सवय सुटत नाही. पण पडद्यावर अस्वलाचं तोंड सहाच वेळा उघडतं, आणि शेवटी मोठा आ. म्हणजे लिहिताना अक्षरं कितीही होवोत, म्हणताना ठोके सहा पाहिजेत आणि शेवट 'आ'वर. मी लिहिलं, "मी आहे रे उदास." अस्वलाचं तोंड उघडं आणि प्रज्ञाचं मिटलेलं! प्रज्ञानं सुचवलं, "काय करू आता बा." बसलं अगदी बरोबर. पण नदीमभाई म्हणाले, नळाला पाणी नाही आलं की आमच्या गल्लीत सगळे हेच म्हणतात.

दुपारपर्यंत आम्ही तिघं वहीवर डोकं आपटत होतो. तेवढ्यात स्पीकर खरखरला. काचेपलीकडून काकांनी बटण दाबलं होतं.

"दोन कप होतो चहा."

आम्ही तिघं काचेकडं वळलो. काका मान खाली घालून बटणांकडं बघत होते.

"रोज सकाळी. ती नाही हे डोक्याला कळतं हो, हाताला कळत नाही. एक कप बेसिनमध्ये ओततो. बघा, बसतं का."

प्रज्ञानं बोटांवर ठोके मोजले, दोन-कप-हो-तो-च-हा. सहा. शेवटी 'हा', तोंड उघडं. तिनं ओळ एका टेकमध्ये म्हटली. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. नदीमभाई एसीचा रिमोट शोधू लागले, आणि तो त्यांच्या हातातच होता.

क्लायंटचा फोन आला. ओळ छान आहे, पण अस्वल चहा कसं पिईल? नदीमभाई भडकले. "रीछ गाना गाया तो चलता, चाय पिया तो नै चलता क्या?"

ओळ पास झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. आमच्या टेबलाशी येऊन त्यांनी पिशवीतून एक छोटा थर्मास काढला आणि मधोमध ठेवला.

"आज पण दोन झाला. एक कप आहे. कोण घेतंय?"

शुगर निघाल्यापासून मी चहा सोडलाय, दोन वर्षं झाली. सगळ्यांच्या आधी हात माझा गेला.