वर बघायचं नाही

माझ्या नातीने दिली त्या परीक्षेत वर बघायची बंदी असते. परदेशात पुढचं शिकायला जायचं तर ती परीक्षा द्यावीच लागते म्हणे. हल्ली ती घरी बसूनही देता येते. आपलाच लॅपटॉप, आपलंच टेबल. फक्त खोलीला दार हवं, ते लावलेलं हवं, आणि परीक्षा संपेपर्यंत आत कुणी पाऊल टाकता कामा नये. टाकलं तर परीक्षा रद्द. कॅमेऱ्यातून कुठली तरी बाई सारखी बघत असते. खाली पांढऱ्या फळीवर आकडेमोड करायची तर तेवढी मान खाली गेलेली चालते. बाजूला नाही, मागे नाही, वर तर नाहीच.

मला हे सगळं माहीत कसं, तर पहिल्या वेळी मीच दाराबाहेर पाटावर बसले होते, राखणीला. मुलगा कामावर, सून अंबरनाथला कारखान्यात पॅकिंगला. आमच्या उल्हासनगरच्या घरात दाराची खोली एकच, आतली. बाकी हॉल आणि स्वयंपाकघर, त्यांना नुसते पडदे. खाली दुकानात जीन्स शिवायची मशिनं चालतात, ती दिवसभर घुरघुरतात. त्याची आम्हाला सवय. पण त्या दिवशी आतून त्या बाईचा आवाज आला. इंग्रजी मला कळत नाही, दटावणी कळते. थोड्या वेळाने परत आला, आता जरा चढा. मी मनात म्हटलं, पोरगी तशी सरळ आहे, हिला कशाला ओरडते ही?

संपल्यावर तिला दार उघडेना. आतून ती ओढतेय, बाहेरून मी ढकलतेय. शेवटी खांदा लावला तेव्हा सुटलं. लाकूड फुगलं असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. ते दिवस कोरडे होते, लाकूड फुगण्यासारखे नव्हतेच. पण ते तेव्हा कुठे सुचतं?

मार्क कमी आले. नापास वगैरे नाही, तिथे नापास नसतंच. पण तिला वालधुनीच्या पाण्याचं शिकायचंय. आमच्या मागून वाहते ती नदी, एक दिवस लाल, एक दिवस निळी. लहान असताना ही विचारायची, आजी, आज कुठला रंग? तसलं पाणी साफ करायचं शिकवणारी चांगली कॉलेजं तिने शोधून ठेवली होती, आणि त्यांना हे मार्क पुरणारे नव्हते. ती फक्त म्हणाली, "जमलं नाही." आणि जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी केर काढताना तिच्या टेबलावर मला पिठी दिसली. मी मूळची खरवईची. आमच्या घराच्या वाशाला भुंगा लागला की खाली अशी पिठी पडायची, आणि वडील म्हणायचे, घर बोलायला लागलं, आता ऐका त्याचं. पण इथे कुठला वासा? इथे सिमेंटचा स्लॅब. मी बोटाने चोळून बघितलं. खरखरीत. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढी खपली. मग वर बघितलं. पंख्याच्या शेजारी चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग, आणि डागाच्या मध्ये सळई. उघडी, गंजलेली.

नातीला विचारलं. ती म्हणाली, "पडत होतं गं काहीतरी, हातावर. मी वर बघितलं तर ती म्हणाली स्क्रीनकडे बघा. परत पडलं. मग मी वर नाही बघितलं."

"मग?"

"मग काय. कधी पडतंय याची वाट बघत गणितं केली."

हे बाप-आईला सांगितलंस का, म्हटलं. नाही म्हणाली. "कारणं देते म्हणतील."

रविवारी सगळे बसले. परीक्षा परत द्यायची की आहेत त्या मार्कांवर अर्ज टाकायचे? सून म्हणाली, परत दिली आणि आणखी कमी आले तर? मुलगा म्हणाला, वाढले तर? नात दोघांकडे आळीपाळीने बघत होती, जणू लग्न दुसऱ्याच कुणाचं ठरतंय. मग मी पिठीचं सांगितलं आणि सगळ्यांना आत नेऊन डाग दाखवला.

मुलगा खुर्चीवर चढला, बोटाने टोकरलं. भुरभुर खाली आलं. "आई, या लायनीतल्या सगळ्या बिल्डिंगींना असंच आहे. प्लास्टर आहे. खालून पीओपीचं छत मारून घेऊ. खाली काही पडणार नाही, हिचं लक्षही जाणार नाही. मग दे परत, निवांत."

आमच्याकडे हे असंच चालतं बघा. भिंत फुटली की टाइल, वरचं सुटलं की पीओपी. रस्त्याने चालताना वर नजर टाका, ज्या घराचं छत जास्त नक्षीचं, त्याच्या वर काय असेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "अरे, झाकून बरं होतं का काही?" तो म्हणाला, "आई, तू ना, खरवईचं कौलारू घर डोक्यातून काढ."

पीओपी झालं. पांढरंशुभ्र, कडेने बारीक दिवे. वरच्या मजल्यावरच्या सिंधी भाभी बघायला आल्या. "अम्मा, क्या बात है, एकदम हॉटेल जैसा. माझ्या घरी पण करून घेते." सगळ्यांनी मान वर करून कौतुक केलं. मीही केलं. पण मनात येत होतं, आधी दिसत तरी होतं.

टेबलावर पिठी पडायची थांबली. नातीने सरावाची परीक्षा लावली, अगदी तशीच, दार लावून, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो. मी बाहेर पाटावर. मशिनांची दुपारची सुट्टी होती. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. सुपात कण्या घोळवाव्यात तसं. सर्रर्र, मग थांबायचं. परत सर्रर्र. वरचं पडत होतंच. आता ते खाली न येता पीओपीच्या पाठीवर साठत होतं.

ती बाहेर आली, या वेळीही दाराला खांदा लागला. माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी बापाला म्हणाली, "मी नाही देत परत. आहेत ते मार्क बास."

"का?"

"नको."

"म्हणजे एकदा आपटली की उठायचंच नाही? पाणी साफ करायला निघालीय, आणि एका परीक्षेला घाबरते."

मला राग कमी येतो, पण आला. मी म्हटलं, "तू बस."

"मी कशाला बसू?"

"परीक्षेला. लेकीसारखा बस. दार लाव, पंखा बंद, मोबाइल माझ्याकडे दे. उठायचं नाही, बोलायचं नाही, वर बघायचं नाही. ती बसते तेवढा वेळ."

"आई, काहीतरीच काय."

"घाबरलास?"

सून पदराने तोंड झाकून हसली. तो बसला. आधी आतून खाकरत होता, खुर्ची करकरत होती. मग खुर्चीचा आवाज थांबला. वर भाभींनी कपडे धुवायची मशीन लावली असावी, कारण थरथर भिंतीतून माझ्या पाठीला लागली. आणि ते सर्रर्र आता मधे थांबेना. एकदा कट्ट असा आवाज झाला. सुपारी फोडताना अडकित्त्याचा होतो तसा.

मुलगा दाराशी आला. कडी वाजली. दार हललं नाही. "आई," तो म्हणाला. मी ढकललं, सुनेने ढकललं. हलेना. "आई, ढकल ना." माझा पन्नाशीला टेकलेला मुलगा, आवाज मात्र शाळेतला. नात धावत आली, तिघींनी खांदे लावले तेव्हा वरून दबलेल्या चौकटीने त्याला सोडलं.

तो घामाने भिजला होता. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बहिणीला फोन लावला. माझी लेक बदलापूरला बेलवलीत राहते, वर गच्ची, वर राहणारं कुणी नाही. "आम्ही येतोय राहायला," एवढंच म्हणाला. निघताना त्याने वर जाऊन भाभींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भैया, तीस साल से सुन रहे हैं, बिल्डिंग गिरेगी, गिरेगी." सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगितलं. तो म्हणाला, मीटिंगमध्ये घेऊ.

बेलवलीत आल्यावर परीक्षेचा विषय कुणी काढेना. एक दिवस नातच मटार सोलता सोलता म्हणाली, "आजी, मला मार्कांची भीती नाही. पण इथेसुद्धा मी वर बघते. सरावाला बसले की मान आपोआप जाते. ती बाई परत ओरडणार."

मी म्हटलं, "मग नको देऊ."

"आणि मग आयुष्यभर वाटणार, त्या खपलीने माझं ठरवलं."

ज्ञान सांगण्याइतकी मी शिकलेली नाही. म्हटलं, "असं कर. तू वर नको बघूस. मी दाराबाहेर बसते, तुझ्या वाटचं मी बघते. काही दिसलं तर दार फोडून आत येईन, परीक्षा गेली खड्ड्यात."

तिने थोडे मटार आणखी सोलले. "नक्की फोडशील?"

"तुझ्या बापाला काढलंय."

तिने तारीख घेतली.

परीक्षेच्या दिवशी मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. दोन छतं होती, पॅसेजचं आणि दाराच्या वरच्या काचेतून दिसणारं खोलीचं. दोन्ही स्वच्छ. आतून एकदाही दटावणीचा आवाज आला नाही. अर्धा वेळ गेला असेल, आणि मांडीवरचा फोन थरथरला. उल्हासनगरच्या भाभी. मी बंद केला. परत थरथरला. परत. एवढ्यांदा त्या कधी करत नाहीत. आवाज करायचा नव्हता आणि जागा सोडायची नव्हती, कबूल केलं होतं. शेवटी वरच्या काचेतून एकदा नीट बघून घेतलं, माझ्या लेकीला खुणेने बोलावून खुर्चीवर बसवलं, वर बोट दाखवलं, आणि जिना उतरून गेटपाशी गेले.

"अम्मा, आपके घर की चावी किसके पास है? मशीनच्या खालची लादी बसली जरा. मशीन तिरकी झाली. नीचे से किसी को दिखाना पडेगा."

"मशीन चालू आहे?"

"हां, कपडे आहेत ना आत."

"घरात कोण आहे?"

"मी आणि मम्मीजी. का?"

"बंद करा आणि मम्मीजींना घेऊन खाली उतरा. आत्ता."

"अरे अम्मा, कपडे तरी..."

"भाभी, इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे वाटीभर साखरेशिवाय काही मागितलंय? हे मागते. उतरा. फोन चालू ठेवा, मला जिना ऐकू दे."

त्या पुटपुटल्या. मग मम्मीजींची, म्हणजे त्यांच्या सासूची, कुरकुर ऐकू आली, काठी ऐकू आली, पायरी, परत पायरी. मध्ये मम्मीजी दम खायला थांबल्या तेव्हा मी गेटचा गज धरला. मग जीन्सच्या मशिनांची घुरघुर मोठी झाली. मी म्हटलं, "त्यांनाही बाहेर काढा." कुणीतरी ओरडलं, आणि एकेक मशीन गप्प होत गेलं. त्या बिल्डिंगीत इतकी वर्षं काढली, ती अशी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

मुलाला कळवलं, तो कामावरून थेट तिकडे गेला. संध्याकाळपर्यंत त्याचे फोन येत होते. सगळे रस्त्यावर उभे आहेत. बिल्डिंग उभी आहे. चावी त्याने कुणाला दिली नाही.

मुलाला कळवून मी वर आले तेव्हा नात बाहेर पडत होती. दार बोटाने ढकललं तरी उघडलं.

"आजी, तू उतरलीस ना मध्ये? पावलं ऐकली मी. कोणाचा फोन?"

मी सांगितलं. ती पॅसेजमधल्या माझ्या खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "त्यांची मशीन कुठे असते?"

"तुझ्या टेबलावर. बरोबर वर."

तिने मान वर केली. आत्याचं छत पांढरं होतं, सपाट, कुठे रेघ नाही. परीक्षा संपली होती, आता बघायला कुणाची हरकत नव्हती. मीही तिच्याबरोबर बघत राहिले.